आजीच्या डीव्हीडी प्लेअरवर लग्नाची फिल्म चालवायची तर

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बहिणीच्या लग्नाची फिल्म फोटोग्राफरने पेनड्राइव्हवर एमपी४ मध्ये दिली, दोन तास चाळीस मिनिटांची. शिवाय घरच्यांनी मोबाइलवर काढलेल्या पंचवीसेक मिनिटांच्या क्लिपा आहेत. गावी आजीकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि तिला तेवढाच हाताळता येतो. तुम्ही लॅपटॉपला जोडायचा डीव्हीडी रायटर विकत आणलात, फायली डीव्हीडीवर टाकल्यात, लॅपटॉपवर सगळं छान दिसलं आणि आजीच्या टीव्हीवर आलं ‘नो डिस्क’. मग हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून फाइल कन्व्हर्ट करून पुन्हा राइट केलंत, तरी तेच. आता एक सॉफ्टवेअर पैसे मागतंय आणि तुम्ही विचारताय, घेऊ का?

आत्ता घेऊ नका. मी कराडला बावीस वर्षं लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतोय. कॅसेटवरून व्हीसीडी, व्हीसीडीवरून डीव्हीडी आणि आता पेनड्राइव्ह, हे सगळे फेरे हाताखालून गेलेत. ‘नो डिस्क’ म्हणत दुकानात आलेल्या बहुतेक माणसांचं सॉफ्टवेअर वाईट नव्हतं. ‘डीव्हीडी बनवणं’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं असतात आणि त्यातलं मधलं काम राहून गेलेलं असतं.

पहिलं काम कन्व्हर्ट करण्याचं. डीव्हीडी हे माध्यम १९९६ साली जपानात बाजारात आलं. तेव्हा मोबाइलची एच.२६४ फाइल जन्मालाही आली नव्हती. साध्या प्लेअरला व्हिडिओ कळतो तो एमपेग-२ या जुन्या पद्धतीतला, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ आकाराचा, सेकंदाला २५ फ्रेमचा. दुसरं काम ऑथरिंगचं. त्या एमपेग-२ चे तुकडे करून ते ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावांनी मांडायचे असतात. चित्र आणि आवाज व्हीओबी फायलींत असतो, कुठून सुरू करायचं आणि कुठे उडी मारायची हे आयएफओ फायलींत, आणि त्यांचीच जादा प्रत बीयूपीमध्ये. प्लेअर डिस्क घेतल्या घेतल्या आधी हीच मांडणी शोधतो. ती सापडली नाही तर आत शंभर एमपी४ असल्या तरी त्याच्या लेखी डिस्क रिकामीच. तिसरं काम डिस्कवर राइट करण्याचं. तुम्ही पहिलं केलंत पण एमपेग-२ मध्ये नाही, तिसरं केलंत, आणि दुसरं राहूनच गेलं.

हँडब्रेकला दोष देऊ नका. ते सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण ते उलट्या दिशेने चालतं. डीव्हीडी किंवा दुसरी फाइल घेऊन तिची एमपी४, एमकेव्ही किंवा वेबएम करून देणं हे त्याचं काम, डीव्हीडी बनवणं नाही. तुम्ही एका एमपी४ ची दुसरी एमपी४ केलीत. त्याचा एक चांगला उपयोग पुढे येणार आहे, म्हणून काढून टाकू नका.

सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी एक फोन गावी करा. आजीच्या प्लेअरला किंवा टीव्हीला पुढून-मागून कुठे यूएसबीचं भोक आहे का, हे कुणालातरी बघायला सांगा. टीव्हीला असेल आणि टीव्ही गेल्या दहा वर्षांतला असेल, तर एमपी४ बहुधा थेट चालेल आणि चित्र डीव्हीडीपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसेल. काही टीव्ही एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेनड्राइव्ह घेतात. त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, तेव्हा मोठ्या फाइलचे दोन भाग करावे लागतील. प्लेअरला यूएसबी असली तर मात्र फार आशा धरू नका. जुने प्लेअर यूएसबीवरून डिव्हएक्स, एक्सव्हिड अशा जुन्या एव्हीआय फायली वाजवतात, आजची एमपी४ बहुतेकांना झेपत नाही. आणि आजीच्या हाताला डीव्हीडी रिमोटचीच सवय असेल, तर सगळं जमत असूनही डीव्हीडीच करा. माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं आजही येतात आणि त्यांचं मला काही चुकीचं वाटत नाही.

आता खरा प्रश्न, ज्यावर सगळी क्वालिटी ठरते: किती मिनिटं आणि किती डिस्का.

साध्या कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून संगणकावर ती ४.३७ जीबीच दिसते. लोक साडेचार जीबीची फाइल घेऊन येतात आणि मावत का नाही म्हणून विचारतात, त्याचं कारण हे. या जागेत व्हिडिओ जितका लांब, तितका प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला कमी डेटा. हा वाटा म्हणजे बिटरेट. डीव्हीडीवर चित्रासाठी त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ९.८ मेगाबिट.

दुकानात मी एक सोपा हिशोब वापरतो: ६०० ला मिनिटांनी भागायचं. येईल तो आकडा म्हणजे चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला किती मेगाबिट परवडतात. डिस्कच्या कडेला थोडी जागा मोकळी सोडण्याची सोय त्यातच धरलेली आहे. तुमची फिल्म १६० मिनिटांची, म्हणजे ६०० भागिले १६०, पावणेचारच्या आसपास. त्यातून आवाजाचे ०.२ वजा करा, चित्राला साडेतीन उरले. मुलाखत किंवा भाषण असतं तर साडेतीनमध्ये भागलं असतं, कारण माणूस एका जागी बसलेला असतो आणि मागची भिंत हलत नाही. लग्नात मात्र अक्षता उडतात, झुंबरं चमकतात, वरातीत पंचवीस जण एकदम नाचतात. एमपेग-२ ला प्रत्येक हलणाऱ्या गोष्टीसाठी डेटा लागतो. तो कमी पडला की चित्राचे चौकोन चौकोन दिसतात, आणि नेमके अक्षतांच्या वेळी, सगळे डोळे लावून बघत असताना दिसतात.

तेव्हा फिल्म दोन डिस्कवर घ्या. ८० मिनिटांची एक, म्हणजे ६०० भागिले ८० करून साडेसात आणि आवाज वजा जाता सात-सव्वासात. एवढ्यात वरातसुद्धा नीट दिसते. मधे तोडायचं कुठे ते तुम्ही ठरवा. मी बहुतेक वेळा मंगलाष्टकांनंतर, जेवणाच्या पंगती सुरू होतात तिथे तोडतो, कारण तिथे बघणारेही चहाला उठतात. तासाभराचा व्हिडिओ असेल तर हिशोबाने १० येतील, पण आठच्या वर जाऊ नका. जुन्या प्लेअरची लेन्स थकलेली असते, वरचा बिटरेट तिला ओढवत नाही आणि चित्र अडखळतं.

ड्युअल लेअर डिस्क घेतली तर एकीतच मावेल, असं कुणीतरी सांगेल. ती ८.५ जीबीची असते, मावेलही. पण जुने प्लेअर एका थरावरून दुसऱ्यावर जाताना थबकतात, काही तर ती डिस्क ओळखतच नाहीत. आजीच्या प्लेअरसाठी मी ती घेणार नाही.

मोबाइलच्या क्लिपांची गोष्ट निराळी आहे. मीडियाइन्फो नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात एखादी क्लिप उघडा. फ्रेम रेटपुढे बहुधा ३० च्या आसपासचा आकडा आणि ‘व्हेरिएबल’ असा शब्द दिसेल. म्हणजे फोनने उजेड बघून फ्रेमा कमी-जास्त केल्या आहेत. अशी क्लिप थेट डीव्हीडीत घातली की आवाज हळूहळू चित्राच्या पुढे किंवा मागे सरकू लागतो. सुरुवातीला कळत नाही, पाचव्या मिनिटाला काकूचे ओठ एक बोलतात आणि ऐकू दुसरंच येतं. इथे हँडब्रेक कामाला येतं. त्यात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून, क्वालिटी चढी ठेवून क्लिपा एकदा काढून घ्या आणि मग त्या नव्या फायली डीव्हीडीसाठी वापरा.

३० फ्रेमची क्लिप पालच्या २५ मध्ये बसवताना सेकंदाला पाच फ्रेमा गळतात आणि चालणारी माणसं किंचित झटके खात चालल्यासारखी दिसतात. म्हणून मोबाइलच्या क्लिपांची तिसरी, वेगळी डिस्क करा आणि ती एनटीएससी या दुसऱ्या टीव्ही पद्धतीत करा, ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर आणि टीव्ही पाल आणि एनटीएससी दोन्ही दाखवतात, मला क्वचितच अडचण आली आहे. पण पाल आणि एनटीएससी एकाच डिस्कमध्ये मिसळू नका. उभ्या धरलेल्या फोनच्या क्लिपांना दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणार. ते घालवायला चित्र ताणू नका, माणसं जाडी दिसतात.

आता सॉफ्टवेअर. तुमच्यासाठी माझं उत्तर डीव्हीडीस्टायलर. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोजवर, मॅकवर आणि लिनक्सवर चालतं, आणि कन्व्हर्ट करणं, ऑथरिंग आणि राइट करणं ही तिन्ही कामं एका जागी करतं. नवीन प्रोजेक्ट उघडताना ते डिस्कची क्षमता, पाल की एनटीएससी, ४:३ की १६:९ हे विचारतं. फोटोग्राफरची फिल्म आडवी, रुंद असणार, तेव्हा १६:९. बिटरेट ‘ऑटो’वर ठेवला तर तो डिस्कच्या मापाने स्वतः हिशोब करतो. तरी वरचा ६०० चा हिशोब करून बघा, म्हणजे ऑटोने काय केलंय ते तुम्हाला समजेल. आवाजाचा प्रकार एसी-३ ठेवा, ४८ किलोहर्ट्झ.

डीव्हीडी फ्लिक हे सॉफ्टवेअर तुम्हाला पुष्कळ जण सुचवतील. मीही ते वर्षानुवर्षं वापरलं, साधं आणि विश्वासू होतं. पण त्याची शेवटची आवृत्ती २००९ ची. आजचे बरेच मोबाइल एचईव्हीसी या नव्या पद्धतीत व्हिडिओ काढतात, तिचं मानकच २०१३ मध्ये ठरलं, त्या फायली ते उघडणार कशा? तसंच ‘विंडोजमध्येच डीव्हीडी मेकर आहे’ हा सल्ला. तो व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये होता, विंडोज ८ पासून काढून टाकला. एन्कोर नावाचं डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर वापरायचो आम्ही मिक्सिंगवाले, तेही अडोबीने सीएस६ नंतर पुढे नेलं नाही. या क्षेत्रात जुने सल्ले फार दिवस फिरत राहतात, म्हणून सल्ला ऐकलात की आधी त्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे ते बघा.

पैशांची सॉफ्टवेअर वाईट नाहीत. कन्व्हर्टएक्सटूडीव्हीडी, नीरो यांत काम सोपं होतं, वेळ वाचतो. दर आठवड्याला पाच-दहा डिस्का करणाऱ्याने ती घ्यावीत. तुम्हाला तीन डिस्का करायच्या आहेत. घ्यायचंच ठरलं तर आधी ट्रायलवर एक छोटी क्लिप करून, ती आजीच्याच प्लेअरवर चालवून बघा आणि मग पैसे भरा. ट्रायलमध्ये बहुधा चित्रावर कंपनीचं नाव उमटतं, ते धरून चाला. फुकट सॉफ्टवेअर घेताना ते बनवणाऱ्यांच्या मूळ जागेवरूनच उतरवा आणि इन्स्टॉल करताना दर पानावरच्या खुणा वाचून नको त्या काढा.

मेनूत मराठी नावं घालणार असाल तर एक खाचखळगा आधीच सांगतो. डीव्हीडी बनवणाऱ्या कित्येक सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. ऱ्हस्व इकार अक्षराच्या मागे जातो, जोडाक्षरं फुटतात, ‘सप्तपदी’तला प्त मोडून मधे हलन्त दिसतो. मी मेनूचं अख्खं पान फोटो एडिटरमध्ये बनवतो, अक्षरांसकट, आणि चित्र म्हणून मागे लावतो. सॉफ्टवेअरमध्ये वर फक्त बटणांच्या जागा ठेवायच्या. अक्षरं चारही कडांपासून आत घ्या. जुने टीव्ही चित्राची कड कापून दाखवतात आणि वधूच्या नावाचं पहिलं अक्षर चौकटीबाहेर जातं.

राइट करण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली होती. २००९ च्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या पंचवीस कॉप्या द्यायच्या होत्या. घाई होती. सोळा एक्सने, म्हणजे सोळापट वेगाने राइट केल्या आणि प्रत्येकीवर वधूवरांच्या फोटोचा गोल स्टिकर चिकटवला. फार देखण्या दिसत होत्या. पंधरा दिवसांत नऊ परत आल्या आणि सगळ्यांची तक्रार एकच: हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं सगळं व्यवस्थित, पाठवणीला चित्र फाटतं आणि अडकतं. मुलीची आई तर पिशवीतून प्लेअरच घेऊन दुकानात आली. टीव्हीला जोडून दाखवलं तिने. मुलगी आईच्या गळ्यात पडते तिथे चित्र थांबलं, आवाज कर्र झाला, पुढे काही नाही. ती बाई काही बोलली नाही, नुसती टीव्हीकडे बघत उभी राहिली. मला ते अजून आठवतं.

कारण समजायला मला वेळ लागला. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे फिल्मचा शेवट कडेला असतो. सोळा एक्सचा पूर्ण वेगही रायटर कडेकडे जातानाच गाठतो, आत तो सावकाश चालतो. म्हणजे जिथे सगळ्यात जोरात लिहिलं गेलं, तिथेच पाठवणी. त्यात कागदी स्टिकर अर्धा मिलीमीटर जरी सरकला असला तरी फिरताना डिस्क डगमगते आणि ती थरथर कडेलाच जास्त. उन्हाने स्टिकरचा गोंद सुटला की आणखी. त्या रात्री सगळ्या पंचवीस पुन्हा केल्या, आठ एक्सने, बिनस्टिकरच्या. त्यातली एकही परत आली नाही. तेव्हापासून स्टिकर बंद. नाव लिहायचं तर पाण्याच्या शाईच्या, मऊ टोकाच्या मार्करने, छापील बाजूवर.

तुम्हीही सोळा एक्सची डिस्क आठ एक्सने राइट करा. अगदी एक-दोन एक्सवर नेऊ नका. आजच्या डिस्का तेवढ्या कमी वेगासाठी बनवलेल्याच नसतात, त्याने निकाल सुधारत नाही. आठ एक्सला आठ-दहा मिनिटं लागतील, नंतर ‘व्हेरिफाय’ला तितकीच. व्हेरिफाय म्हणजे लिहिलेलं परत वाचून तपासणं, ते कधीही सोडू नका. कोरी डिस्क डीव्हीडी-आर घ्या. जुने प्लेअर तिच्याशी ‘डीव्हीडी+आर’ या दुसऱ्या प्रकारापेक्षा जास्त जुळवून घेतात असा माझा अनुभव. पुन्हा पुन्हा लिहायची आरडब्ल्यू नको, तिच्यावरून लेसर कमी परावर्तित होतो आणि थकलेल्या लेन्सला ती दिसत नाही. रायटर बाहेरचा आहे, तर तो लॅपटॉपच्या यूएसबीत थेट लावा, चार वस्तू जोडलेल्या यूएसबी हबमध्ये नको, वीज कमी पडते.

क्रम असा ठेवा. डीव्हीडीस्टायलरमध्ये लगेच राइट न करता आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, बनवायला सांगा. विंडोज १० किंवा ११ वर त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती डिस्कसारखी उघडते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ती डीव्हीडी म्हणून चालवा. सुरुवात बघा, मधे चार ठिकाणी बघा आणि शेवटची पाच मिनिटं पूर्ण बघा, आवाज ओठांशी जुळतो का ते. पटलं की एकच डिस्क राइट करा. आयएसओ राइट करायला इमगबर्न हे सॉफ्टवेअर वापरलंत तरी चालेल, जुनं आहे पण या एका कामात अजून पक्कं आहे. ती एक डिस्क गावी पाठवा. आजीच्या प्लेअरवर शेवटपर्यंत चालली असं कुणी बघून सांगितलं की मगच बाकीच्या करा. पेनड्राइव्हवरची मूळ एमपी४ पुसू नका, तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. डीव्हीडी बघण्यासाठी आहे. चित्र एमपेग-२ मध्ये उतरताना जे गेलं ते परत येत नाही.

इतकं करूनही ‘नो डिस्क’ आलं, तर आजीकडे बाजारातून विकत आणलेली एखादी सिनेमाची डीव्हीडी चालते का ते विचारा. तीही अडली तर प्लेअरची लेन्स धुळीने किंवा वयाने गेली आहे, सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही. ती चालली आणि तुमची नाही, तर डिस्क ‘फायनलाइज’, म्हणजे लिहिणं संपवून बंद, झाली आहे का ते बघा आणि दुसऱ्या कंपनीची कोरी डिस्क वापरून बघा.

आणि आजीसाठी एक करा: तिच्या डिस्कमध्ये मेनूच ठेवू नका. डीव्हीडीस्टायलरमध्ये मेनूचं पान काढून टाकलं की डिस्क घातल्याबरोबर फिल्म आपोआप सुरू होते. दर पाच मिनिटांनी चॅप्टर मात्र टाका, म्हणजे रिमोटवरचं पुढचं बटण दाबत ती हवी तिथे जाईल. माझ्या ओळखीच्या आज्या नातीच्या लग्नात पुन्हा पुन्हा बघतात तो भाग एकच, गृहप्रवेशाचा. तो कितव्या चॅप्टरला येतो ते डिस्कच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.